हळू जाणाऱ्या गाडीत बसा
(अभ्यासवर्गात केलेलं भाषण)



थायलंडचं नाव काढलं की आपल्या पोरांच्या तोंडावर एक हसू येतं. ते कुठून येतं हे सगळ्यांना ठाऊक आहे. टूरवाला विमानातनं उतरवतो, एसी बसमध्ये कोंबतो, समुद्र दाखवतो, बाजार दाखवतो, बाया दाखवतो आणि चौथ्या दिवशी परत आणून टाकतो. दुसरे काही बुद्धाचा देश म्हणून हात जोडून जातात. सोन्याच्या मूर्ती बघतात, परत येतात. दोघांनाही देश दिसत नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. तिथला कष्टकरी ज्या गाडीत बसतो त्या गाडीत बसा. जेवढी हळू तेवढी चांगली. वेगाने जाणाऱ्याला मुक्काम दिसतो. रस्ता कुणी बांधला ते दिसत नाही.

एकच वाट सांगतो. मेक्लाँग नदीची.

बँकॉकात वोंगवियन याय नावाचं छोटं स्टेशन आहे. तिथून महाचायला गाडी जाते. सगळी थर्ड क्लास. तासाभराचा रस्ता, भाडं किरकोळ. रूळ घरांना इतके खेटून की लोकांच्या मोऱ्या, वाळत टाकलेले कपडे, चुलीवरचं भांडं खिडकीतनं दिसतं. महाचायला रूळ संपतात. पुढे था चीन नदी आणि रेल्वेला पूल नाही. बाजारातनं चालत धक्क्यावर जायचं, बोटीने पलीकडे बान लाएमला उतरायचं, तिथून दुसरी गाडी. तिच्या फेऱ्या दिवसातनं मोजक्याच. चुकली तर धक्क्यावर बसा. उगीच चिडू नका. बघा.

महाचाय म्हणजे मासळी आणि कोळंबी. ती सोलणारे, उचलणारे हात बहुतेक ब्रह्मदेशातनं आलेल्या मजुरांचे. डिसेंबर 2020 मध्ये इथल्या कोळंबीबाजारात कोरोना पसरला, तेव्हा बाजाराभोवतीच्या मजुरांच्या खोल्यांना काटेरी तारेचं कुंपण घातलं गेलं. माणसं आत, तार बाहेर. डांबणारेही बहुतेक बौद्ध, डांबलेलेही बहुतेक बौद्ध. बुद्धाचा देश म्हणून हात जोडताना हेही डोळ्यांपुढे ठेवा. सोन्याच्या मूर्तीत हे दिसायचं नाही.

बान लाएमची गाडी शेवटी मेक्लाँगच्या बाजारात शिरते. रुळांवरच भाजी, मासे, मिरच्या. भोंगा वाजला की बाया कनाती मागे ओढतात, टोपल्या सरकवतात, गाडी गेली की पुन्हा पसरतात. टूरवाले लोक व्हॅनमधनं येतात, ह्या तमाशाचा फोटो काढतात, निघून जातात. गाडीत बसलेल्याला मात्र कळतं की हा तमाशा नाही. दिवसातनं कैक वेळा दुकान मोडून पुन्हा मांडायचं हे काम आहे. त्याची मजुरी कुणी देत नाही.

इथे नदी समुद्राला मिळते. आता तिच्या वरच्या अंगाला चला. राचबुरी, मग कांचनबुरी. बस बदलत जा. मध्ये सोंगथॅव मिळेल. सोंग म्हणजे दोन, थॅव म्हणजे रांग. पिकअपच्या मागे दोन बाकडी, वर छप्पर. आपली वडापच. उतरायचं तिथे बेल दाबा, ड्रायव्हरच्या हातावर पैसे ठेवा.

कांचनबुरीला ख्वे याय आणि ख्वे नोय मिळून मेक्लाँग होते. क्वाय नदीवरच्या पुलाचा सिनेमा 1957 साली आला. त्याचं शूटिंग लंकेत झालं. सिनेमा बघून लोक ती नदी शोधत आले, पण पूल होता मेक्लाँगवर. मग नदीच्या त्या भागाचंच नाव बदलून ख्वे याय केलं. बघणाऱ्यांच्या सोयीसाठी नदीचंसुद्धा नाव बदलतात, दोस्तहो.

हा रेल्वेमार्ग जपानी सैन्याने 1942-43 मध्ये बांधून घेतला. ब्रह्मदेशापर्यंत 415 किलोमीटर. साठ हजारांवर युद्धकैदी राबवले, त्यातले बारा हजारांवर मेले. ते बहुतेक ब्रिटिश, ऑस्ट्रेलियन, डच. कांचनबुरीत त्यांच्या सुमारे सात हजार कबरी आहेत. ओळीत, हिरवळीवर, नावानिशी. असाव्यातच.

पण त्यांच्याहून कितीतरी जास्त आशियाई मजूर होते. तमिळ, बर्मी, मलाय, जावातले. मेलेल्यांचा अंदाज नव्वद हजारांच्या आसपास धरतात. अंदाजच. तमिळांना इंग्रजांनी मद्रासकडनं मलायातल्या रबराच्या मळ्यांवर नेलेलं. त्यात पुष्कळ अस्पृश्य गणलेल्या जातींचे. युद्धात रबराचा धंदा बसला, पोटाला अन्न नव्हतं. जपान्यांनी मजुरीचं आमिष दाखवलं, मग सरळ उचलून नेलं. कॉलरा, मलेरिया, उपास, मार. गोऱ्या कैद्यांसोबत त्यांचे लष्करी डॉक्टर होते, नोंद ठेवणारे अधिकारी होते. ह्यांच्याकडे दोन्ही नव्हतं. म्हणून हे जास्त मेले आणि म्हणूनच त्यांच्या नावाच्या ओळी नाहीत. कबर मरणाने मिळत नाही, नोंदीने मिळते.

त्या रुळांवर आजही थर्ड क्लासची गाडी चालते. उघड्या खिडक्या, पंखे, डब्यात भात नि फळं विकणाऱ्या बाया. वांग फोला कडा आहे. त्याला चिकटवलेल्या लाकडी पुलावरनं गाडी पावलापावलाने जाते, खाली ख्वे नोय. प्रवासी मोबाईल बाहेर काढतात. तुम्ही खाली बघा. ती लाकडं कुणाच्या खांद्यावरनं आली? गोदीत ओझं वाहणाऱ्याला हे शिकवावं लागत नाही. वजन बघून त्याला खांदा कळतो.

नाम तोकला गाडी थांबते. पुढचे रूळ युद्धानंतर काढले. तिथून बसने कोन्यूच्या खिंडीपर्यंत जा. छिन्नी-हातोड्याने, रात्री मशालींच्या उजेडात फोडलेला तो खडक आहे. हात लावून बघा.

आपण कविता लिहितो, अंक काढतो. तिथे जाल तेव्हा समुद्राचं वर्णन आणू नका, ते पुष्कळांनी आणलंय. ज्यांची नोंद कुणी ठेवली नाही त्यांचं लिहून आणा. त्यासाठी आधी हळू जाणाऱ्या गाडीत बसावं लागेल.