शेवटच्याचा वेग तोच जथ्याचा वेग

(जिल्हा बैठकीत सायकल जथ्याच्या वतीने केलेल्या भाषणाचा मजकूर)



आम्हाला इथे उभे केले ते आम्ही कोणी वक्ते आहोत म्हणून नाही. यंदा संक्रांत झाल्यावर आमच्या तीन गावांतले चौदा जण सायकलीवर बसून वरोऱ्याच्या आनंदवनापर्यंत गेलो. पाच दिवस लागले, तीनशे किलोमीटरच्या आत-बाहेर रस्ता झाला. त्याची हकिगत सांगा असा बैठकीचा हुकूम आहे. हकिगत सांगताना आमच्या चुकाही सांगाव्या लागतील. त्या झाकून ठेवायच्या असत्या तर आम्ही आलोच नसतो.

आमची दोन गावे पैनगंगेच्या अलीकडे, हदगाव तालुक्यात. तिसरे पलीकडे, उमरखेड तालुक्यात. मध्ये नदी असली तरी जमीन तीच, कापूस-ज्वारी तीच, आणि आभाळाकडे बघण्याची सवयही तीच. चौदा जणांत तीन बाया. सर्वांत लहान पोरगा एकोणीस वर्षांचा, सर्वांत वडील आबा, सदुसष्ट वर्षांचे. सायकली घरच्याच. बहुतेक जुन्या काळ्या, मागे कॅरिअर असलेल्या, ज्यांच्यावर आजवर दुधाच्या कॅटल्या, खताची पोती आणि डबलसीट पाहुणे वाहिले.

जायचे कशाला?

पहिला प्रश्न घरच्यांनीच विचारला. कापसाचे दोन वेचे झाले, तिसरा शेतात आहे, अन् तुम्ही सायकली फिरवत कुठे निघाला? सगळ्यांच्या दारात मोटारसायकल आली, हप्ते चालू आहेत. अशा दिवसांत सायकल काढली की लोक विचारतात, काय झाले, गाडी ओढून नेली का?

खरे कारण सांगतो. मागच्या वर्षी आमच्या तीन गावांनी ठरवले होते की कापूस सुटा विकायचा नाही. सगळ्यांचा एकत्र करायचा, जिनिंगमधून काढून घ्यायचा, रुई वेगळी आणि सरकी वेगळी विकायची. एक क्विंटल कापसातून तेहतीस-चौतीस किलो रुई निघते, उरते ती बहुतेक सरकी. तिचा हिशेब आपल्या पदरात पडावा एवढीच इच्छा होती. कागद झाले, सह्या झाल्या. मग एक व्यापारी दारात आला आणि थोडा चढा भाव बोलला. ज्यांच्या घरी गाड्या होत्या, माणूसबळ होते, त्यांनी आठ दिवसांत माल मोकळा केला. उरले ते थोडा थोडा कापूस असलेले. त्यांचा सगळ्यांचा मिळून एक ट्रकही भरेना. उन्हाळ्यापर्यंत तो कापूस घरात पडून राहिला आणि शेवटी मिळेल त्या भावाने गेला.

भांडण कोणी केले नाही. भांडण झाले असते तर बरे झाले असते. फक्त बोलणे बंद झाले. लग्नाची पत्रिका यायची, माणूस यायचा नाही.

अशात आमच्यातल्या एकाने बाबा आमट्यांच्या सायकल यात्रेची गोष्ट काढली. १९८५ च्या डिसेंबरात बाबा शंभरावर तरुण-तरुणींना घेऊन कन्याकुमारीहून काश्मीरकडे निघाले होते. पाच हजारांवर किलोमीटर. बाबांचे वय तेव्हा एकाहत्तर, मणक्याच्या दुखण्याने त्यांना धड बसताही येत नव्हते. ते गाडीत आडवे पडून बरोबर गेले, पोरे सायकलीवर. पंजाब तेव्हा पेटलेला होता. यात्रेचे नावच भारत जोडो. पुढे १९८८ साली दुसरी यात्रा अरुणाचलातून निघून गुजरातेत गेली. ही गोष्ट ऐकून आबा म्हणाले, "भारत जोडणारे जोडतील. आपली तीन गावं तर जोडून पाहू." त्यावर हसलो सगळे, पण ठरले. जायचे ते आनंदवनालाच.

सायकल शिकवते ते

शेतकऱ्याला सायकल काय शिकवायची, असे आम्हाला वाटले होते. शेतापर्यंत जाणे वेगळे आणि दिवसाला साठ किलोमीटर पाच दिवस जाणे वेगळे. चालणारा माणूस तासाला पाच किलोमीटर जातो. जवळपास तेवढ्याच मेहनतीत सायकलवाला पंधरा जातो. पण त्यासाठी सायकल अंगाला बसलेली पाहिजे. आपण सगळे सीट खाली ठेवतो, दोन्ही पाय जमिनीला टेकावेत म्हणून. हेच गुडघ्याचे मरण. पायडल खाली गेले की पाय जवळपास सरळ व्हावा, गुडघ्यात थोडाच वाक राहावा, एवढी सीट वर पाहिजे. पहिल्या दिवशी पुसदला पोचेपर्यंत आमच्यातल्या निम्म्यांचे गुडघे बोलू लागले. रात्री पाने मागून आणले आणि सगळ्यांच्या सिटा चढवल्या.

दुसरे, हवा. टायरमध्ये हवा कमी असली की सायकल ओल्या काळ्या रानात नांगर ओढल्यासारखी ओढावी लागते. तिसरे, पाणी. तहान लागल्यावर पाणी प्यायचे ही शेतातली सवय रस्त्यावर चालत नाही. तहान लागायच्या आधी घोट घोट घ्यायचे, त्यात कधी लिंबू-मीठ. खाण्याला मात्र आपल्यापाशी तोड नाही. ज्वारीची भाकरी, ठेचा, आणि खिशात गूळ-शेंगदाणे. बिस्किटांचे पुडे घेऊन आलेली पोरे दुसऱ्या दिवशी भाकरीकडे वळली.

चौथे, वारा. पौषातला वारा आम्हाला समोरून होता. समोरच्या वाऱ्यात पुढच्या सायकलवाल्याची छाती फुटते आणि त्याच्या मागे चाकाला चाक लावून जाणाऱ्याला वारा बराच कमी लागतो. शर्यतीवाले यालाच धरून चालतात; त्यांच्या वेगाला मागच्याची पाव ते एक तृतीयांश मेहनत वाचते. आमच्या वेगाला तेवढी नाही वाचत, पण वारा समोरून असला की पायाला कळते. हे आम्हाला ठाऊक होते. पण त्याचा अर्थ काय, तो कळायला दुसरा दिवस उजाडावा लागला.

बायांबद्दल एक सांगतो. आमच्यातल्या वहिनी अडतिसाव्या वर्षी सायकल शिकल्या, त्याही या यात्रेसाठी, रात्री शाळेच्या मैदानावर. गावाने नावे ठेवली. त्यांना आम्ही तामिळनाडूतल्या पुदुकोट्टई जिल्ह्याची गोष्ट सांगितली होती. १९९१-९२ साली तिथे साक्षरता मोहिमेत हजारो खेड्यांतल्या बाया सायकल शिकल्या. बायकांच्या सायकली दुकानात उरल्या नाहीत, तेव्हा त्यांनी दांडीच्या पुरुषी सायकली घेतल्या. त्यातल्या काहींना त्याच जास्त आवडल्या, कारण दांडीवर लेकरू बसवता येते. वहिनी म्हणाल्या, "मग मला बी दांडीचीच द्या." सबंध रस्ता त्या दांडीच्या सायकलीवर आल्या.

दिग्रस ते दारव्हा

पुसद चारी बाजूंनी डोंगरांत. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला निघालो. चढावर कोणी उतरून ढकलले, कोणी जोर करून चढले. दिग्रसपर्यंत सगळे मागेपुढे का होईना, एकत्र होतो. तिथून पोरांना चेव आला. दारव्हा आता जवळ, ऊन उतरलेले, रस्ता बरा. सहा-सात जण सुसाट गेले. त्यांच्या मागे लागून मधलेही ओढले गेले. आबा मागे राहिले.

अंधार पडल्यावर दारव्ह्याला मुक्कामाच्या जागी डोकी मोजली. तेरा. आबांचा मोबाइल लागेना. पंप आणि पंक्चरचे सामान कोणाकडे म्हणून पाहिले, तर ते सर्वांत पुढच्या सायकलीच्या कॅरिअरवर. म्हणजे ज्याला कधी लागणार नाही त्याच्याकडे.

दोघे उलट निघाले. सहा-सात किलोमीटरवर आबा सापडले. बाभळीचा काटा ट्यूबमध्ये, मोबाइल बंद पडलेला, हातात सायकल धरून अंधारात पायी चालत येत होते. बाजूने ट्रक जात होते. आठ वाजून गेले होते.

जेवेपर्यंत ते काही बोलले नाहीत. जेवणे झाल्यावर कोणीतरी म्हणाले, आबा, उद्या तुम्ही एस.टी.ने पुढे या, आम्ही तुमची सायकल आणतो. चांगल्या मनानेच म्हणाले. तेव्हा आबा बोलले. "माझं काही नाही बाबा. पायी चालायची सवय हाय. पण मागल्या साली माझा सात क्विंटल कापूस घरात असाच राहिला होता. तवाबी माघारी वळून कोणी पाहिलं नव्हतं."

भावांनो, त्या खोलीत ज्यांनी आधी माल मोकळा केला ते होते आणि ज्यांचा राहून गेला तेही होते. वर्षभर जे कोणी तोंडातून काढले नव्हते ते आबांनी काढले. मग कोणी झोपले नाही. माल आधी विकणारा एक जण म्हणाला, "माझ्या पोरीचं लग्न होतं, मी थांबलो असतो तर कर्ज काढावं लागलं असतं." तेही खरे होते. पण त्याने हे तेव्हा सांगितले असते तर त्याच्यापुरता मार्ग काढता आला असता. त्याने सांगितले नाही आणि आम्ही विचारले नाही. वहिनी एवढेच म्हणाल्या, "आबा एस.टी.त बसणार असतील तर मी बी बसते. मग तुम्ही जा पुढं."

चार नियम

रात्री एक वाजता चार नियम झाले. पहिला: जथ्याचा वेग सर्वांत हळू चालणाऱ्याचा. तो पुढून दुसऱ्या नंबरला राहील, म्हणजे त्याला वारा लागणार नाही आणि तो सगळ्यांच्या डोळ्यांसमोर राहील. दुसरा: वाऱ्याच्या तोंडी एकच माणूस राहणार नाही. किलोमीटरचे तीन दगड झाले की पुढचा बाजूला होईल आणि मागे जाईल, नवा पुढे येईल. तिसरा: पंप आणि सामान सर्वांत शेवटच्या सायकलीवर, आणि तिथे नेहमी एक दमदार गडी. चौथा: तासाला एकदा थांबायचे आणि डोकी मोजायची. ज्याला काही अडचण आहे त्याने तिथे सांगायची, नंतर नाही.

तिसऱ्या दिवशी यवतमाळपर्यंतची मजल लहान होती. नियम जड गेले. सुसाट जाणाऱ्याला हळू चालवणे हीही मेहनतच आहे. यवतमाळहून आमच्यातला एक तरुण परत गेला. त्याला ही चाल मानवली नाही, तसे त्याने सांगितले आणि गेला. त्याच्यावर आमचा राग नाही. सांगून गेला, हेही आम्ही शिकलो त्यातच धरतो.

चौथ्या दिवशी यवतमाळ ते करंजी. रस्ता दुसऱ्या दिवसाएवढाच, वारा समोरून आणि जास्त. सातला निघालो आणि दुपारी तीनच्या आत तेराही जण एकदम पोचलो. दुसऱ्या दिवशी आमचे वेगवान लोक पुढे जाऊन टपरीवर बसायचे, मागच्यांची वाट बघायचे, अंग थंड झाले की पुन्हा जोर लावायचे. शेवटचा माणूस पोचला रात्री आठनंतर. हळू चाललो तर लवकर पोचलो. हा काही चमत्कार नाही, साधा हिशेब आहे. जथा पोचला असे केव्हा म्हणायचे? शेवटचा पोचला की.

पाचव्या दिवशी मारेगाव, वणी. वणीपासून कोळशाचे ट्रक, धूळ, नाकातोंडात काळे. एका ओळीत, रस्त्याच्या कडेने, वर्धा नदी ओलांडून संध्याकाळी आनंदवनात शिरलो. खडकाळ माळावर, समाजाने टाकून दिलेल्या कुष्ठरोग्यांनी स्वतःच्या झडलेल्या बोटांनी उभे केलेले ते गाव. शेती पाहिली, माग पाहिले. २००८ साली बाबा गेले, त्यांची समाधी तिथेच आहे. आबा तिथे बराच वेळ बसले. भाषण कोणी केले नाही.

पुढे काय?

परत आल्यावर सगळे सुरळीत झाले असे आम्ही सांगणार नाही. तीन गावांतली काही घरे अजून बाजूलाच आहेत. पण तिसऱ्या वेच्याचा आणि घरात राहिलेला कापूस एकत्र करून फेब्रुवारीत आमचा एक ट्रक जिनिंगला गेला. भरायला सुरुवात केली ती सर्वांत कमी कापूस असलेल्या घरापासून. ज्यांना पैशाची तातडी होती त्यांनी आधी सांगितले, त्यांना बाकीच्यांनी हातउसने दिले. भाव फार मोठा मिळाला अशातला भाग नाही. पण सरकीचे पैसे प्रथमच आमच्या हिशेबाच्या वहीत वेगळे लिहिले गेले, आणि ट्रक सुटला तेव्हा कोणाच्या घरात कापूस मागे राहिला नव्हता.

तुमच्या गावांतून कोणाला निघायचे असेल तर जरूर निघा. नवी सायकल लागत नाही, पैसा फार लागत नाही. सीट वर करा, हवा भरा, भाकरी बांधा. दोन ट्यूब जादा घ्या, बाभळीचा काटा कोणाची जात-पात बघत नाही. आणि निघायच्या आधी पंप शेवटच्या सायकलीवर बांधा.

येत्या हंगामात आमच्या गावी कापूस गोळा करायची बैठक दसऱ्यानंतर आहे. मध्ये कोणाला बसवायचे हे ठरले आहे. आबांना.