दोन चमकांमधली वाट



रत्नागिरीत फोटोग्राफरची परीक्षा दोनदा होते: लग्नात आणि शिमग्यात. मंगलाष्टके संपतात, अंतरपाट बाजूला होतो, नवरी हार घालते, फ्लॅश चमकतो. लगेच नवरदेव हार घालतो आणि नेमका तेव्हा फ्लॅश गप्प! मग ‘पुन्हा एकदा घाला’ ही विनंती होते आणि भटजी घड्याळाकडे पाहतात. शिमग्यात तर तेवढीही सवलत नाही. भैरीबुवाची पालखी खांद्यांवर नाचू लागली की तिला ‘जरा थांबा’ म्हणणार कोण?

दोन चमकांमध्ये वाट का पाहावी लागते, ते आधी पाहू. फ्लॅशमध्ये चार पेन्सिल सेल असतात. त्यांचे मिळून होतात पाच-सहा व्होल्ट. चमक देणाऱ्या झेनॉन नळीला मात्र तीनशेच्या वर व्होल्ट हवेत. आतले सर्किट दाब चढवत नेते (ती बारीक, चढत जाणारी शिट्टी त्याचीच) आणि कपॅसिटर भरते. १,४०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ३३० व्होल्टपर्यंत भरला की त्यात सुमारे ७६ जूल ऊर्जा साठते. ऊर्जा फार नाही. ९ वॅटचा एलईडी दिवा ती साडेआठ सेकंदांत संपवतो. पण ती साडेतीन सेकंदांत भरायची, तर वाटेतली गळती धरून सेलमधून सहा अँपिअरहून जास्त प्रवाह ओढावा लागतो. इवल्याशा सेलवर हा मोठा भार आहे.

साधा अल्कलाइन सेल इथेच मार खातो. त्याचा अंतर्गत रोध जास्त, त्यामुळे एवढा प्रवाह मागितला की त्याचा दाब कोसळतो. निकेल-मेटल हायड्राइड सेलवर १.२ व्होल्ट लिहिलेले असते, अल्कलाइनवर १.५. तरी शर्यत १.२वाला जिंकतो, कारण त्याचा रोध कितीतरी कमी असतो. सेलमध्ये किती वीज आहे, याहून ती किती वेगाने बाहेर येते, हे इथे महत्त्वाचे.

बाहेरचा बॅटरी पॅक नेमका हाच प्रश्न सोडवतो. निकॉनचा एसडी-९ किंवा कॅननचा सीपी-ई४ घ्या: आणखी आठ सेल, आणि दाब चढवणारे स्वतःचे सर्किट. पॅक पट्ट्याला अडकवायचा, वायर फ्लॅशला जोडायची. कपॅसिटर थेट उच्च दाबाने भरला जातो. फ्लॅशमधले चार सेल मात्र काढायचे नाहीत. नियंत्रणाचे काम त्यांच्यावरच चालते. ही कल्पना जुनीच आहे. ट्रान्झिस्टर येण्याच्या सुमारास फोटोग्राफर ५१० व्होल्टची कोरडी बॅटरी खांद्याला अडकवून फिरत. आता गोडॉक्ससारख्या कंपन्यांच्या फ्लॅशमध्येच लिथियम बॅटरी येते आणि फुल पॉवरला दीड सेकंदात रेडी लाइट लागतो. असा फ्लॅश असेल तर वेगळ्या पॅकची गरज बहुधा पडत नाही.

पण वेग फुकट येत नाही. मधल्या काळात नळी थंड होत असते. तो काळच काढून घेतला की उष्णता साचते. पुढची प्लॅस्टिकची काच पिवळी पडते, वितळतेही. कॅननच्या ५८० ईएक्स टूची पुस्तिका सलग २० फ्लॅशनंतर किमान १० मिनिटे विश्रांती द्यायला सांगते. निकॉनचा एसबी-९०० तापला की स्वतःच बंद होतो. म्हणजे संथ सेल नकळत फ्लॅशचे रक्षण करत होते. पॅक जोडल्यावर ती जबाबदारी आपल्यावर येते.

म्हणून माझे म्हणणे असे: आधी प्रकाशाची मागणी कमी करा, मग पुरवठा वाढवा. आयएसओ ४०० वरून १६०० केला की तेवढ्याच फोटोला चौथाई पॉवर पुरते, आणि कपॅसिटर जवळजवळ भरलेलाच राहतो. अंतर निम्मे केले तरी तोच फायदा. कार्यालयाच्या पांढऱ्या छताला फ्लॅश मारल्यास उजेड मऊ पडतो, पण पॉवर बरीच खर्च होते. रंगीत कापडाच्या मांडवात तर तो खर्च वाया जातो, वर चेहऱ्यांवर कापडाचा रंग चढतो. शिमग्यात डोक्यावर उघडे आभाळ असते. तिथे पुढे सरका किंवा दोन फ्लॅश अर्ध्या पॉवरवर लावा.

एवढे करूनही सेकंद कमी पडले तर पॅक जरूर घ्या. मोठ्या लग्नात, रात्रभराच्या पालखीत तो पैसे वसूल करतो. आपल्या खाऱ्या, दमट हवेत त्याची टोके कोरड्या कापडाने पुसत जा. गंजलेला जोड सेलच्या रोधात भर घालतो. आणि बिघडलेला फ्लॅश किंवा पॅक घरी उघडू नका. सेल काढल्यावरही कपॅसिटरमध्ये तीनशे व्होल्ट टिकून असतात आणि ते जीवघेणे ठरू शकतात. खरेदीचा क्रम माझ्या मते असा: आधी चांगले रिचार्जेबल सेल, मग दुसरा फ्लॅश, शेवटी पॅक. ज्यांना हा क्रम उलटा वाटतो, त्यांनी आता प्रश्न विचारावेत.