आडवाटेने आलेल्या विजेत्या

स्नूकर हा साहेबाचा खेळ, असे आपण सहज बोलून जातो. परंतु त्याचा जन्म विलायतेतला नव्हे. १८७५ च्या सुमारास जबलपूरच्या लष्करी छावणीत, पावसाळ्याच्या रिकाम्या दिवसांत, नेव्हिल चेंबरलेन नावाच्या एका तरुण अधिकाऱ्याने बिलियर्ड्सच्या मेजावर रंगीत चेंडूंची भर घालून हा नवा डाव मांडला. (म्यूनिकचा करार करणारा पंतप्रधान चेंबरलेन तो हा नव्हे, नामसादृश्यामुळे पुष्कळांची गफलत होते.) पुढे निलगिरीतील उटकमंडच्या क्लबात त्याचे नियम कागदावर उतरले. जन्म हिंदुस्थानात आणि वास्तव्य साहेबाच्या क्लबात, अशी या खेळाची स्थिती होती. साहेब गेला, तरी मेज राहिले तेथेच. १९५८ साली पुण्यात जन्मलेल्या विल्सन जोन्स यांनी कलकत्त्यात बिलियर्ड्सचे जागतिक हौशी विजेतेपद मिळविले. कोणत्याही खेळात वैयक्तिक जागतिक विजेतेपद मिळविणारे ते पहिले भारतीय. तेव्हा या खेळाचे नाव वृत्तपत्रांतून घरोघर गेले. मेज मात्र घरोघर जाऊ शकत नव्हते.

ही अडचण वाटते त्याहून मोठी आहे. स्नूकरचे मेज १२ फूट लांब आणि ६ फूट रुंद. हिरव्या बनातीखाली जाड दगडी फरशा, आणि चोहोबाजूंनी चालण्यास व क्यू मागे खेचण्यास मोकळी जागा हवी ती वेगळीच. माजघरात मांडावी अशी ही वस्तू नव्हे. ज्याला खेळ शिकावयाचा, त्याने मेज असेल तेथे गेले पाहिजे, आणि मेज असे ते क्लबात. संध्याकाळच्या वेळी, धुराने भरलेल्या त्या दालनात पुरुषमंडळी जमलेली असताना एखाद्या मुलीने आत पाऊल टाकावे, ही कल्पनाच मध्यमवर्गीय घरात कोणाला सुचत नसे. निषेधाची पाटी लावण्याचीही आवश्यकता नव्हती. म्हणूनच बेंगळुरूच्या स्त्री-खेळाडूंचा वृत्तांत पाहू लागल्यावर एक गोष्ट नजरेत भरते: त्यांतील कित्येकजणी या मेजापाशी राजमार्गाने आल्याच नाहीत.

चित्रा मगिमैराज यांचेच उदाहरण घ्यावे. त्यांचा जन्म १९७३ चा, आणि मूळचा खेळ हॉकी. कर्नाटकाच्या संघातून त्या खेळल्या. पुढे गुडघ्यातील अस्थिबंध तुटला आणि धावण्याचा खेळ संपला. अशा प्रसंगी बहुतेकांची क्रीडाकथा तेथेच थांबते. चित्रा मेजाकडे वळल्या. हॉकीत खेळाडू चेंडूच्या मागे धावतो. येथे पांढऱ्या चेंडूला असा टोला द्यावा लागतो की, आपले काम करून त्याने पुढच्या टोल्यासाठी सोयीच्या जागी येऊन उभे राहावे. पाय अधू झाला तरी हाताची व डोळ्याची जाण शिल्लक असते, आणि या खेळाला तीच लागते. बिलियर्ड्सचे महिलांचे जागतिक विजेतेपद २००५ मध्ये महाराष्ट्राच्या अनुजा ठाकूर यांच्याकडे होते; २००६ आणि २००७ अशी लागोपाठ दोन वर्षे ते चित्रा यांनी मिळविले.

बिलियर्ड्सवरच त्या थांबल्या नाहीत. पूल या खेळातही त्या राष्ट्रीय विजेत्या झाल्या. ज्यांनी हे खेळ पाहिलेले नाहीत त्यांना तिन्ही सारखेच वाटतील. वस्तुतः एकातून दुसऱ्यात जाणे म्हणजे सतारियाने सरोद हाती घेण्यासारखे आहे. बिलियर्ड्सला चेंडू अवघे तीन, स्नूकरला बावीस. पूलचे मेज लहान, चेंडू मोठे आणि डाव झटपट उरकणारा. हाताला जडलेली सवय दर वेळी मोडावी लागते. २०१४ मध्ये, वयाची चाळिशी ओलांडल्यावर, इंग्लंडमधील लीड्स येथे चित्रा यांनी महिलांचे ज्येष्ठ गटाचे जागतिक स्नूकर विजेतेपद मिळविले. हॉकीत त्या वयाचा खेळाडू बहुधा कडेला उभा राहून टाळ्या वाजवितो.

आर. उमादेवी यांची वाट तर याहूनही आडवळणाची. कर्नाटक शासनाच्या उद्यानविद्या खात्यात त्या टंकलेखिका. कब्बन पार्कातील सचिवालय क्लबात त्या टेबल टेनिस खेळावयास जात. १९९५ च्या सुमारास, टेबल टेनिसचे मेज मोकळे होण्याची वाट पाहता पाहता त्यांचे लक्ष पलीकडच्या बिलियर्ड्सकडे गेले. वय तिशीच्या घरात, दिवस कचेरीचा. सरावाला वेळ उरणार तो कचेरीच्या तासांबाहेरचा. परंतु मेज होते ते सरकारी नोकरांच्या क्लबात, आणि तेथे टंकलेखिकेला जाण्याचा हक्क होता. या साध्या गोष्टीचे मोल थोडे नव्हे. २०१२ मध्ये केंब्रिज येथे त्या बिलियर्ड्सच्या जागतिक विजेत्या झाल्या. कचेऱ्यांतील क्लबांवर होणाऱ्या खर्चाविषयी नाके मुरडणाऱ्यांनी हा जमाखर्चही पाहावा.

बेंगळुरूच्याच विद्या पिल्लै यांची कीर्ती स्नूकरमधील. मार्च २०१७ मध्ये सिंगापूर येथे जागतिक महिला स्नूकर स्पर्धेच्या अंतिम सामन्यात त्यांची गाठ हाँगकाँगच्या एन्‌ ऑन यी यांच्याशी पडली. दोघींनी पाच पाच डाव जिंकले, आणि निर्णय अकराव्या डावावर आला. स्नूकरमधील खरी कसोटी मेजापाशी नसते, ती खुर्चीवर असते. प्रतिपक्षी खेळत असेतोवर आपण नुसते बसावयाचे. टेनिसप्रमाणे चेंडू परतविता येत नाही, की कुस्तीप्रमाणे डाव उलटविता येत नाही. तो अकरावा डाव विद्या यांच्या हातून निसटला. ६ विरुद्ध ५ अशा फरकाने विजेतेपद हुकले. जिंकलेल्या सामन्यांच्या यादीत या सामन्याला जागा नाही. परंतु जागतिक विजेतीला अखेरच्या डावापर्यंत अडवून धरणारी खेळाडू आपल्याकडे आहे, हे त्या दिवशी सिद्ध झाले.

या जिद्दीच्या मानाने लौकिक फारच अल्प. हे खेळ ऑलिंपिकमध्ये नाहीत; आशियाई क्रीडास्पर्धेत १९९८ मध्ये आले, आणि २०१० नंतर तेथूनही वगळले गेले. ज्या स्पर्धांच्या पदकांवर शासनाची पारितोषिके आणि नोकऱ्या बहुधा अवलंबून असतात, त्या बाहेरच राहिल्या, तर खेळाडूला परदेशच्या प्रवासाचा खर्च प्रत्येक वेळी नव्याने जुळवावा लागतो.

नोव्हेंबर २०२५ मध्ये दोहा येथे आंतरराष्ट्रीय बिलियर्ड्स व स्नूकर महासंघाच्या जागतिक स्नूकर स्पर्धेत चेन्नईची विशीतील अनुपमा रामचंद्रन अंतिम फेरीत पोहोचली. समोर त्याच एन्‌ ऑन यी होत्या. दोन दोन अशी बरोबरी होऊन पुन्हा सारे शेवटच्या डावावर आले, आणि या वेळी तो डाव भारताच्या मुलीने घेतला.