मशीनचा मंदपणा कर्मचाऱ्याच्या माथी नको

(भिलाई येथे रेल्वे व टपाल कर्मचाऱ्यांच्या सभेत केलेले भाषण)



आज आपण महागाई भत्त्यावर बोलणार नाही. आपल्या टेबलावरच्या जुन्या काँप्युटरवर बोलणार आहोत. काहींना वाटेल, हा इंजिनियर लोकांचा विषय, युनियनचे त्यात काय काम? पण काँप्युटर अडला की रांगेतला माणूस शिव्या कोणाला देतो? खिडकीवर बसलेल्याला. बिल उशिरा गेले की मेमो कोणाला मिळतो? क्लार्कला. मशीनला आजवर कोणी मेमो दिलेला नाही. म्हणून हा युनियनचा विषय आहे.

१९८० च्या दशकात काँप्युटर आला तेव्हा देशातील अनेक कामगार संघटनांनी विरोध केला. नोकऱ्या जातील अशी भीती होती आणि ती अगदीच खोटी नव्हती. पण १९८६ मध्ये रेल्वेची क्रिस ही संस्था निघाली, आरक्षण काँप्युटरवर गेले. २०१३ पासून टपाल खात्याची बचत बँक कोअर बँकिंगवर येऊ लागली. आज खतावण्या परत आणा असे आपल्यापैकी कोणी म्हणणार नाही. आता आपले भांडण ‘काँप्युटर नको’ याचे नाही, ‘काम होईल असा काँप्युटर द्या’ याचे आहे.

एका कचेरीतली गोष्ट सांगतो, नाव घेत नाही. तिथे एक ताई पगारबिले करीत. महिनाअखेरीस बिले उशिरा जाऊ लागली आणि त्यांना मेमो मिळाला, ‘कामात दिरंगाई’. खरे सांगायचे तर आधी आम्हीही त्यांनाच म्हटले होते, “ताई, जरा हात चालवा.” मग एक दिवस आम्ही त्यांच्या शेजारी खुर्ची टाकून बसलो. ताईंनी बटण दाबले. आम्ही घड्याळ पाहिले. पान उघडायला चार मिनिटे लागली! हात काय चालवणार? त्या दिवशी आम्हाला आमच्या बोलण्याची लाज वाटली.

असे का होते? आम्ही मॅट्रिक शिकलेले, पण जाणकारांना विचारून समजून घेतले. भिलाईच्या मार्शलिंग यार्डात काम केलेल्याला हे चटकन कळेल. यार्डात लाइनी मोकळ्या असल्या की गाडी आत येते, डबे लागतात, गाडी सुटते. लाइनी भरल्या की पुढची गाडी सिग्नलला उभी. मग जागा करण्यासाठी तेच डबे इकडून तिकडे ढकलावे लागतात. शंटिंग इंजिन दिवसभर धावते, गाडी मात्र सुटत नाही. काँप्युटरची मेमरी, म्हणजे रॅम, हे ते यार्ड. हार्ड डिस्क ही लांबची साइडिंग. टपालातील बंधूंसाठी सांगायचे तर रॅम हे टेबल आणि हार्ड डिस्क ही मागची रेकॉर्ड रूम. टेबल लहान असले की प्रत्येक कागदासाठी उठावे लागते.

फरक किती? रॅममधून माहिती साधारण सेकंदाच्या एक कोटीव्या भागात मिळते. फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कला सेकंदाचा शंभरावा भाग लागतो. म्हणजे लाखपट फरक. रॅम भरली की काँप्युटर डिस्कवर हेलपाटे घालतो आणि क्लार्क पडद्याकडे पाहत बसतो.

मशीन जुने झाले म्हणून रॅम आटत नाही. काम वाढते. २००१ च्या विंडोज एक्सपीला कमीत कमी ६४ एमबी रॅम पुरे होती. विंडोज ११ ला कमीत कमी ४ जीबी लागते, म्हणजे ६४ पट. शिवाय अँटीव्हायरस, ब्राउझर हे सगळे त्याच टेबलावर. त्यात आपल्याकडचा उन्हाळा आणि धूळ. पंखा धुळीने भरला की प्रोसेसर तापतो आणि स्वतःला वाचवण्यासाठी आपला वेग कमी करतो.

ताईंच्या मशीनची तक्रार आम्ही लेखी दिली. माणूस आला, रॅम वाढवून ८ जीबी करून गेला. कागदोपत्री काम झाले, मशीन मात्र तसेच! पुन्हा पाहिले तर त्यात विंडोज ३२ बिटची. साध्या ३२ बिट विंडोजला ४ जीबीच्या पलीकडची रॅम वापरताच येत नाही, प्रत्यक्षात तर तीन-साडेतीनच हाती लागते. यार्डाला नव्या लाइनी टाकल्या, पण पॉइंट जोडलेच नाहीत. पुढे ६४ बिटची विंडोज घातली, हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली, तेव्हा तेच पान काही सेकंदांत उघडू लागले. ताईंचा मेमो मागे घेतला गेला. नवे मशीन घ्यावे लागले नाही.

पण प्रत्येक वेळी दोष टेबलावरच्या मशीनचा नसतो, हेही ध्यानात ठेवा. आरक्षणाच्या खिडकीवरचे मुख्य काम दूरच्या सर्व्हरवर होते. टपालाच्या काउंटरचेही आज तसेच आहे. तिथे लाइन किंवा सर्व्हर मंद असेल तर रॅम वाढवून उपयोग नाही. आधी दुखणे ओळखा, मग औषध मागा.

आणि हे फक्त उशिराचे प्रकरण नाही, हे रोजीरोटीचे आणि इज्जतीचे प्रकरण आहे. ब्रिटनच्या पोस्टात १९९९ पासून होरायझन नावाची यंत्रणा आली. तिथला दोष रॅमचा नव्हता, प्रोग्रॅमचा होता. हिशेबात नसलेली तूट दिसू लागली. यंत्र चुकत नाही असे धरून नऊशेहून अधिक पोस्टमास्तरांना दोषी ठरवले गेले. काही तुरुंगात गेले, काहींनी घरे विकून पैसे भरले. ५५५ जण एकजुटीने कोर्टात लढले, आणि डिसेंबर २०१९ मध्ये कोर्टाने यंत्रणेतील दोष मान्य केले. मे २०२४ मध्ये कायदा करून त्या शिक्षा रद्द करण्यात आल्या. तोवर कित्येक जण वारले होते. मशीन खरे आणि माणूस खोटा, या समजुतीची ही किंमत.

तेव्हा साथींनो, उद्यापासून काय करायचे ते ऐका.

पहिले, प्रत्येक कचेरीत एक वही ठेवा. तारीख, वेळ, कोणते काम आणि किती मिनिटे अडले, एवढे लिहा. विंडोज १० किंवा ११ असेल तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही बटणे एकत्र दाबा, टास्क मॅनेजर उघडतो. मेमरी नव्वद टक्क्यांवर आणि डिस्क शंभरावर दिसली तर तेही टिपा.

दुसरे, पैशाची नोंद करताना मशीन अडले तर घाईने पुन्हा बटण दाबू नका. पहिली नोंद झाली की नाही ते तपासा. एकच रक्कम दोनदा चढली तर संध्याकाळी तूट तुमच्या खिशातून जाईल.

तिसरे, स्वतः पेटी उघडू नका, बाहेरचे सॉफ्टवेअर घालू नका. मग दोष खरोखरच तुमच्यावर येईल.

प्रशासनाकडे आपली मागणी तीन गोष्टींची. रॅम, ६४ बिट विंडोज आणि एसएसडी यांचा एकत्र विचार करा. वर्षातून दोनदा धूळ साफ करा. आणि मशीन तपासल्याशिवाय दिरंगाईचा मेमो देऊ नका. विंडोज १० चा नेहमीचा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे, आणि बरीच जुनी मशीने विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत. तेव्हा हा प्रश्न टाळता येणार नाही.

आपल्या भिलाईचे रूळ देशभर पडले आहेत. रूळ बदलताना नुसते वर्ष पाहत नाहीत. त्यावरून किती टन गेले, तो किती झिजला, हे मोजतात. रूळ तुटला तर ड्रायव्हर हळू चालवतो म्हणून त्याला कोणी दोष देत नाही. तोच न्याय क्लार्कला हवा. पण मोजमाप आपल्या हाती असेल तरच तो मागता येईल. वही आजच सुरू करा.

कामगार एकजुटीचा विजय असो!