बरणीत ओला हात नको

श्रोतेहो, फ्रान्सच्या दोर्दोन्य भागात जाऊन आलेली आपली मंडळी एक तक्रार हमखास सोबत आणतात. "एवढ्या लांब लास्कोला गेलो, आणि दाखवली काय, तर नकली गुहा!" आज या तक्रारीशीच भांडायचंय मला.

लोणच्याच्या बरणीत ओला हात घातला की घरात कोण ओरडायचं, आठवतंय ना? लास्कोची खरी गुहा म्हणजे तशीच बरणी. आतली बैल, घोडे, हरणांची चित्रं १७ हजार वर्षांहून जुनी. टिकली, कारण बरणीचं तोंड बंद होतं. १९४० साली ती गावच्या पोरांना सापडली, १९४८ मध्ये सगळ्यांसाठी उघडली. पुढे दिवसाला हजार-बाराशे माणसं आत जाऊ लागली. भिंतीला बोट लावायचीही गरज पडली नाही हो! माणसाच्या श्वासातला ओलावा, कार्बन डायऑक्साइड, अंगाची ऊब, वर आतले दिवे, एवढ्यानं भिंतींवर हिरवं शेवाळ धरलं, चुन्याचे पांढरे थर चढले. १९६३ मध्ये गुहेला कुलूप लागलं. पुन्हा सांगते, बोटही न लावता!

आपण मोठ्या बरणीला दादरा बांधतो आणि रोजच्यासाठी छोटी बरणी काढतो. २०१६ मध्ये उघडलेली प्रतिकृती ही ती छोटी बरणी. आता छोट्या बरणीत लोणचं तेच असतं, इथे चित्रं नव्यानं रंगवलेली आहेत, हे कबूल. पण मोठी बरणी नासण्यापेक्षा हे बरं की नाही?

गर्दी करायचीच असेल तर जवळच्या सार्ला गावात करा. लास्कोची गुहा बंद करणारे तेव्हाचे सांस्कृतिक मंत्री आंद्रे मालरो, त्यांच्याच १९६२ च्या कायद्यानं हे मध्ययुगीन गाव सावरलं. बुधवारी आणि शनिवारी दगडी घरांमधल्या चौकात बाजार भरतो. अक्रोड घ्या, बकरीच्या दुधाचं चीज घ्या, मनसोक्त गप्पा मारा. तिथे तुमच्या श्वासानं कुणाचं काही बिघडत नाही.

आणि मूळ चित्रंच बघायची असतील, तर याच भागात फाँ-द-गोमची गुहा आहे. रंगीत गवे, अगदी अस्सल. पण रोज मोजकीच माणसं आत सोडतात. तिकीट मिळालं नाही तर खिडकीवरच्या बाईंवर चिडू नका, त्या बरणी राखताहेत. तिथल्या भिंतीच्या फुगवट्याचा गव्याच्या अंगासाठी कसा उपयोग केलाय, ते सांगायचं होतं, पण स्टुडिओच्या काचेपलीकडून वेळ संपल्याची खूण होतेय. तेवढं ओल्या हाताचं मात्र लक्षात ठेवा.