पित्याचा छंद आणि पुत्राचे बालपण



सुमारे इ. स. 850 च्या सुमारास महावीराचार्य या जैन गणितज्ञाने ‘गणितसारसंग्रह’ हा ग्रंथ रचला. त्यात आंब्यांच्या वाटणीचे एक सुरेख उदाहरण आहे. राजघराण्यातील मंडळी आंब्यांच्या एका राशीभोवती जमली आहेत. राजा राशीचा सहावा हिस्सा उचलतो, राणी उरलेल्याचा पाचवा हिस्सा घेते. मग तिघे राजपुत्र एकामागून एक येतात आणि त्या त्या वेळी शिल्लक असलेल्या राशीचा चौथा, तिसरा व निम्मा हिस्सा नेतात. सर्वांत धाकट्या बाळासाठी तीन आंबे उरतात. प्रारंभी आंबे किती होते, हा प्रश्न.

हे उदाहरण पाटीवर समीकरण मांडून सुटते, तसेच ते जमिनीवर बसून, चिंचोके मांडूनही सुटते. बाळाचे तीन म्हणजे सहाचा निम्मा भाग. सहाच्या मागे नऊ, नवाच्या मागे बारा, बाराच्या मागे पंधरा आणि पंधराच्या मागे अठरा. उत्तर अठरा. परंतु चिंचोके मांडणाऱ्या मुलाला उत्तरापेक्षा मोठा नवलाचा ठेवा सापडतो. राजाच्या वाट्याला तीन, राणीच्या वाट्याला तीन, प्रत्येक राजपुत्राला तीन आणि बाळालाही तीनच! अपूर्णांक ऐकताना वाटणी विषम भासते, प्रत्यक्षात ती तंतोतंत समान आहे. अकराशे वर्षांपूर्वीच्या आचार्यांनी हा गमतीचा भाग मुद्दाम लपवून ठेवला असला पाहिजे. असे काही सापडले की मूल मांडी बदलून पुन्हा पहिल्यापासून मोजू लागते.

महावीराचार्यांनी ज्या राजाचा गौरव केला, तो अमोघवर्ष नृपतुंग राष्ट्रकूट कुळातला. त्याची राजधानी मान्यखेट, म्हणजे आजच्या कर्नाटकातील मळखेड. मात्र हे कुळ स्वतःला ‘लट्टलूरपुरवराधीश्वर’ असे बिरुद लावीत असे, आणि हे लट्टलूर म्हणजेच आपले लातूर, असे इतिहासकार मानतात. नांदेड जिल्ह्यातील कंधार हेही राष्ट्रकूटकालीन नगर. ज्या राजवटीत हा ग्रंथ रचला गेला, तिचे मूळ नाव आपल्या भूमीशी जोडलेले आहे, आणि तरीही लातूर-नांदेडच्या किती घरांत आज पित्याने पुत्रासमोर अठरा चिंचोके मांडले असतील?

प्रश्न थोडा बोचरा आहे. परंतु तो विचारण्याचे कारण आहे. ‘लातूर पॅटर्न’ने गेल्या काही दशकांत मराठवाड्याच्या कपाळावरील मागासलेपणाचा शिक्का पुष्कळ अंशी पुसून टाकला. शेतकऱ्यांची, किराणा दुकानदारांची, कारकुनांची मुले डॉक्टर आणि अभियंते झाली. नांदेडही त्या वाटेने वेगाने चालले. हे यश कष्टाचे आहे आणि त्याचे अवमूल्यन करणे कृतघ्नपणाचे ठरेल. तथापि या यशाची एक किंमत घराघरांतून दिली जात आहे. पिता शुल्क भरतो, दुचाकीवरून शिकवणीच्या दारापर्यंत सोडतो, चाचणीचे गुण विचारतो. आणि बापलेकांच्या संभाषणाचा विषय तेथेच संपतो. मुलाला वडिलांचा व्यवसाय ठाऊक असतो, वडिलांची आवड ठाऊक नसते. पुष्कळदा ती वडिलांनाही आठवत नाही.

या पार्श्वभूमीवर महाराष्ट्रातील एका बापलेकांची हकिकत पाहण्यासारखी आहे. पिता धनंजयराव गाडगीळ. जन्म 1901 चा. केंब्रिजला शिकलेले अर्थशास्त्रज्ञ, पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे संस्थापक संचालक, प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्याच्या उभारणीतले विठ्ठलराव विखे पाटील यांचे सहकारी, आणि पुढे 1967 पासून नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष. ज्याच्या नावाचे सूत्र केंद्राकडून राज्यांना मिळणाऱ्या साहाय्याच्या वाटपासाठी वापरले गेले, असा हा माणूस. आकडे, अहवाल, समित्या आणि प्रवास यांतून त्याला उसंत मिळणे कठीण. आपल्यापैकी ज्यांना ‘दुकानामुळे वेळ मिळत नाही’ असे वाटते, त्यांनी ही यादी पुन्हा एकदा वाचावी.

या अर्थशास्त्रज्ञाला पक्षी पाहण्याचा नाद होता. घरात दुर्बीण होती आणि सालिम अली यांचे भारतीय पक्ष्यांवरील सचित्र पुस्तकही होते. ते पुस्तक पहिल्यांदा 1941 साली प्रसिद्ध झाले आणि पुढच्याच वर्षी, 1942 च्या मे महिन्यात, गाडगीळांच्या घरी माधव जन्मला. अक्षरओळख होण्याआधीच हा मुलगा त्या पुस्तकातील चित्रांवरून पक्षी ओळखू लागला. पुण्याच्या टेकड्या जवळच होत्या. वडील पक्षी पाहत, तेव्हा मुलगा सोबत असे. याला कोणी अभ्यास म्हणत नव्हते. शेजारी इरावती कर्वे राहत. त्यांच्यासारख्या मानववंशशास्त्रज्ञ विदुषीचा सहवासही त्या मुलाला लाभला, हा आणखी एक योग.

माधव चौदा वर्षांच्या आसपास असताना घडलेली गोष्ट तर प्रत्येक पालकाने ध्यानात ठेवावी अशी आहे. वेडा राघू हा पक्षी आपण सर्वांनी पाहिलेला असतो, नाव मात्र अनेकांना ठाऊक नसते. चिमणीहून थोडा मोठा, हिरवागार, डोळ्यांतून गेलेली काळी रेघ, बाकदार चोच. विजेच्या तारेवर बसतो, एकदम झेप घेऊन उडती माशी पकडतो आणि पुन्हा त्याच तारेवर येऊन बसतो. मधमाशी पकडली तर ती फांदीवर आपटून, नांगी निकामी करून मगच गिळतो. त्याच्या शेपटीच्या मधोमध दोन पिसे इतरांहून लांब, सुईसारखी बाहेर आलेली असतात. ही सुई हीच त्याची खूण. माधवला एके दिवशी असे वेडे राघू दिसले की ज्यांना ही सुईच नव्हती. पुस्तकातील चित्रात तर ती स्पष्ट होती. मग हा पक्षी कोणता?

मुलगा वडिलांकडे गेला. येथे धनंजयरावांपुढे तीन मार्ग होते. ‘असेल काहीतरी, तू गणिताचा अभ्यास कर’ असे म्हणता आले असते. बहुतेक घरांत हेच म्हटले जाते. विद्वत्तेचा आव आणून काही तरी उत्तर ठोकून देता आले असते. शिकलेल्या बापांचा हा आवडता मार्ग. तिसरा मार्ग त्यांनी स्वीकारला. आपल्याला उत्तर ठाऊक नाही, हे त्यांनी मान्य केले आणि सालिम अलींनाच पत्र लिहून विचार, असे मुलाला सांगितले. वडिलांनी आपल्या नावे पत्र पाठवले नाही, हे विशेष. प्रश्न मुलाचा, म्हणून पत्रही मुलाचे.

सालिम अली त्या काळी पक्षिशास्त्रातील जगन्मान्य नाव. त्यांनी या शाळकरी पोराला तत्परतेने उत्तर धाडले. विणीचा हंगाम सरला की पक्षी जुनी पिसे टाकतात, त्यात वेड्या राघूच्या या दोन लांब पिसांचाही क्रम लागतो. नवी पिसे येईपर्यंत शेपटी बिनसुईची दिसते, असा त्याचा आशय. म्हणजे पुस्तक चूक नव्हते आणि मुलाचे डोळेही चूक नव्हते. त्या पत्राने मुलाच्या आयुष्याची दिशा ठरली. माधव गाडगीळ पुढे हार्वर्डला गेले, तेथे 1969 साली डॉक्टरेट मिळवून भारतात परतले, बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत परिसरशास्त्राचे केंद्र त्यांनी उभे केले, आणि पश्चिम घाटाविषयीचा त्यांच्या अध्यक्षतेखालील समितीचा 2011 चा अहवाल तर आजही वादाचा व चिंतनाचा विषय आहे.

सालिम अलींची स्वतःची सुरुवातही या संदर्भात सांगावीशी आहे, जरी जैन श्रोत्यांना ती काहीशी क्लेशकारक वाटेल. लहानपणीच आईवडिलांचे छत्र हरपलेल्या या मुलाचा सांभाळ मामा अमीरुद्दीन तय्यबजी यांनी केला. खेळातल्या बंदुकीने मारलेल्या एका चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला, आणि ही कोणती चिमणी, असे मुलाने विचारले. मामा शिकारी होते, शास्त्रज्ञ नव्हते. त्यांनी चिठ्ठी देऊन भाच्याला मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत मिलार्ड यांच्याकडे पाठवले. मिलार्ड यांनी पेंढा भरलेल्या पक्ष्यांचा संग्रह उघडून दाखवला. पक्ष्यांचे शास्त्र त्या काळी बंदुकीच्या नळीतूनच जात असे, हे सत्य आहे. एका पिढीनंतर धनंजयराव आणि माधव यांच्या हाती दुर्बीण होती. जीव न घेताही तितकेच, किंबहुना अधिक पाहता येते, हे त्या दुर्बिणीने सिद्ध केले. या सभागृहात तरी त्याचे मोल वेगळे सांगण्याची आवश्यकता नसावी.

धनंजयरावांच्या छंदाचे आणखी एक अंग होते. सह्याद्रीत जलविद्युत प्रकल्पांची कामे चालू असताना त्यांनी माधवला तो प्रदेश दाखवला. तुटलेली जंगले आणि उठवलेली माणसे मुलाने पाहिली. देशाला वीज हवी, उद्योग हवेत, हे नियोजनाच्या त्या पुरस्कर्त्याला मान्यच होते; तरी त्यासाठी इतकी किंमत मोजावी का, ही स्वतःच्या मनातील शंका त्यांनी मुलासमोर बोलून दाखवली. वडिलांनाही शंका असतात, हे त्या मुलाला त्या वयात समजले.

दुसरे उदाहरण काशीतील एका मराठी घराचे आहे. ते बहुतेकांच्या परिचयाचे असल्याने थोडक्यात पाहू. विष्णु वासुदेव नारळीकर 1932 साली पंडित मदनमोहन मालवीय यांच्या आमंत्रणावरून काशी हिंदू विश्वविद्यालयात गणिताचे प्राध्यापक झाले. त्यांचा पुत्र जयंत याचा जन्म 1938 चा, कोल्हापूरचा. विष्णुपंतांनी घराच्या भिंतीत मुलांसाठी दोन मोठे फळे बसवून घेतले. त्यांवर काय लिहावे, याचा नियम नव्हता. पुढे मामा मोरेश्वर हुजुरबाजार शिकण्यासाठी काशीला राहावयास आले आणि त्यांनी एका फळ्यावर भाच्याला आव्हान म्हणून गणिती कोडी लिहावयास आरंभ केला. कोडे सुटेपर्यंत किंवा भाचा हार मान्य करीपर्यंत ते फळ्यावरून पुसले जात नसे. उत्तर आयते मिळत नसे. वडिलांनी फळा दिला, कोडे मामांनी दिले. घरातील दोन पुरुषांनी मुलासाठी काम असे वाटून घेतले होते. आई सुमतीबाई संस्कृतच्या जाणकार होत्या, हेही विसरून चालणार नाही. केंब्रिजमध्ये पित्याला मिळालेले खगोलशास्त्राचे टायसन पदक पुढे पुत्रानेही मिळवले, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. फळ्याची गोष्ट तितकी सर्वश्रुत नाही, आणि ती अधिक उपयोगाची आहे. जयंतरावांना पुढे तीन कन्या झाल्या, त्यांतील एकीचे नाव लीलावती. तेव्हा ‘पुत्र’ हा शब्द येथे सोयीसाठी आहे. फळ्याला मुलगा-मुलगी हा भेद कळत नाही.

आता कोणी म्हणेल, ही मोठ्या विद्वानांची घरे. गंजगोलाईत सकाळी शटर उघडून रात्री बंद करणाऱ्याने काय करावे? परंतु धनंजयराव पक्षिशास्त्रज्ञ नव्हते. तय्यबजी मामांना चिमणीचे नाव सांगता आले नव्हते. या हकिकतींत वडीलधाऱ्यांचे ज्ञान अपुरेच पडले आहे. पुरेशी ठरली ती त्यांची सोबत आणि न लाजता दुसऱ्याकडे पाठवण्याची वृत्ती. दुकानदाराच्या घरी तर तराजू आहे, खतावणी आहे, चलनी नोटांचे आणि जुन्या नाण्यांचे प्रकार आहेत. कोणी घड्याळे उघडून जोडतो, कोणी पोस्टाची तिकिटे जमवतो, कोणी रेडिओ दुरुस्त करतो. एक सावधगिरी मात्र हवी. छंदाची शिकवणी होऊ लागली, त्याला गुण, क्रमांक आणि शेजारच्या मुलाशी तुलना चिकटली, की मूल तेथूनही पळ काढते. हौशी वडिलांच्या हातून हा अपघात आळशी वडिलांपेक्षा अधिक वेळा घडतो.

आणि सामग्रीची वाण आपल्याकडे मुळीच नाही. नांदेडजवळ विष्णुपुरीचा जलाशय आहे. हिवाळ्यात पहाटे काठावर जाऊन बसले तर पाणपक्ष्यांची मोजदाद करता येते. किनवटचे सागवानी जंगल आहे. लातूर जिल्ह्यातील किल्लारीचे नाव घेतले की 30 सप्टेंबर 1993 ची ती पहाट आठवते. ज्या मुलांचे आजोबा-आजी त्या रात्रीचे साक्षीदार आहेत, त्यांनी आपल्या पायाखालचा काळा कातळ लाव्हारसाचा कसा झाला आणि त्याखाली काय आहे, हे विचारलेच पाहिजे. गावाबाहेर, दिव्यांपासून दूर, हिवाळ्यातील निरभ्र रात्री मृग नक्षत्र इतके स्पष्ट दिसते की मोठ्या शहरातील खगोलप्रेमींना हेवा वाटावा. वर्षभराच्या पावसाची नोंद गच्चीवरील एका सरळ बुडाच्या डब्यात आणि पट्टीने घेता येते. 2016 साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागलेल्या लातूरमध्ये तर त्या नोंदवहीला निराळाच अर्थ प्राप्त होतो.

वेडा राघूही येथे आहेच. मांजरेच्या आणि गोदावरीच्या काठी, मातीच्या उभ्या दरडीत बीळ करून तो घरटे घालतो. उन्हाळ्यात विणीचा हंगाम असतो. तो सरला, पावसाळा लागला, की शेताच्या बांधावरील तारांकडे पाहावे. ओळीने बसलेल्या हिरव्या पक्ष्यांपैकी किती जणांना सुई आहे आणि किती जणांना नाही, हे वहीच्या एका पानावर, तारीख घालून, दोन रकान्यांत लिहिता येते. एक रकाना वडिलांनी भरावा, दुसरा मुलाने.