वाकायचं कुणी?



माझी उंची सहा फूट एक इंच. नाना पेठेतल्या आमच्या जुन्या वाड्याच्या चौकटी जेमतेम साडेपाच फुटांच्या. कपाळ आपटून आपटून मी लहान वयातच वाकून चालायला शिकलो. अम्मी कौतुकानं म्हणायची, "फळलेलं झाडच वाकतं, बेटा." पन्नाशी उलटली आणि कंबर कुरकुरायला लागली.

"उंच माणसाची कंबर दुखायचीच," असं चारचौघांनी सांगितलं. यात थोडं तथ्य आहे. भरलेली बादली आधी पोटाशी धरा, मग हात लांब करून धरा. वजन तेच, पण हात थरथरतो. आपण पुढे वाकतो तेव्हा डोकं, खांदे, छाती यांचं ओझं असंच कमरेच्या पाच मणक्यांपासून लांब जातं आणि पाठीच्या स्नायूंना ते ओढून धरावं लागतं. धड जितकं लांब, तितकी ओढ जास्त. पण मुळात आपण वाकतो का?

पत्नीचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि भांडी माझ्याकडे आली. ओटा ३३ इंच, सिंकचा तळ त्याहून खाली. पंधरा मिनिटांत कंबर धरली. तक्रार केली, तेव्हा चार फूट दहा इंच उंचीची माझी पत्नी शांतपणे म्हणाली, "मी तीस वर्षं पाटावर उभी राहून पोळ्या लाटतेय. तुम्ही कधी पाहिलंत?" मी पाहिलं नव्हतं. गवंड्यानं ओटा बांधताना ना तिला विचारलं होतं, ना मला.

हाताचं काम कोपराच्या चार ते सहा इंच खाली असावं, असा साधा हिशेब आहे. त्याचं उत्तर आपल्या पुण्यातच सापडतं. बी. के. एस. अय्यंगार १९३७ साली योग शिकवायला पुण्यात आले. १९७५ साली शिवाजीनगरात त्यांची संस्था उभी राहिली. ज्याचा हात जमिनीला टेकत नाही, त्याच्या हाताखाली ते वीट द्यायचे. शरीर ओढून जमिनीपाशी न्यायचं नाही. जमीन हातापाशी आणायची.

त्याच १९७५ साली अमेरिकेत कॅलिफोर्नियानं शेतमजुरांच्या आखूड दांड्याच्या कुदळीवर बंदी घातली. दिवसभर वाकून मजुरांच्या पाठी कायमच्या मोडत होत्या. मालकांना मात्र ती सोयीची होती. कोण उभा राहिला, ते लांबूनच दिसायचं!

हे वाचलं आणि आमच्याकडे लादी पुसायला येणाऱ्या मावशी आठवल्या. त्यांच्यासाठी लांब दांड्याचं पुसणं आणलं. सिंकमध्ये पातेलं पालथं घालून त्यावर भांडी घासायला लागलो. ज्यांचे पाय खुर्चीवरून लोंबतात, त्यांनी पायाखाली पाट घ्यावा.

२०२० साली जगात सुमारे ६२ कोटी लोकांना कंबरदुखी होती. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ साली जुनाट कंबरदुखीसाठी व्यायाम सुचवला. कमरेच्या पट्ट्याची शिफारस केली नाही. मीही पट्टा ठेवून दिला, रोज चालतो. मात्र पायाला मुंग्या किंवा बधिरपणा आला, तर डॉक्टरांकडे जायलाच हवं.

आज घरी एक टेप घ्या. ओटा मोजा, आणि त्याच्यापाशी रोज उभं राहणाऱ्या माणसाचं कोपरही मोजा.